हरल्यावर द्यायची गावं

तात्या, मी घाबरलेय. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागनं. आईला सांगता येत नाही, तिनं एकदा हे सगळं केलंय, तुमच्या वेळी. म्हणून तुम्हाला सांगतेय.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्याकडं बटणांचा फोन होता, त्यामुळं ग्रुप म्हणजे काय ते तुम्हाला नीट माहीत नसणार. कॉलेजात आम्ही चौघं एका बाकावर बसायचो. आता एका बाकावर कुणी नाही. एक पिंपळीची, बँकेच्या परीक्षा देतेय. एक सणसरचा, घरचा ऊस बघतो. एक लोणी देवकरचा, तिथंच कंपनीत शिफ्टला जातो. आणि मी बारामतीत, सकाळी क्लासमध्ये आठवीच्या पोरांना गणित शिकवते, दुपारी लिहीत बसते, जे कुणी मागितलेलं नसतं ते. फोनवर आमचा चौघांचा ग्रुप आहे. त्यात आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही, गावानं मारतो. आणि रोज कुणीतरी कोडं टाकतं. कधी गणिताचं, कधी शब्दांचं. ज्याला येत नाही त्यानं गाव द्यायचं, मगच उत्तर मिळतं. हा नियम माझा नाही, तुमचा आहे. मी फक्त तो ग्रुपवर नेला.

मला अजून दिसतं, तुमची सुट्टी असली की तुम्ही स्वयंपाकघरात दाराला पाठ लावून बसता, पाय लांब सोडून, आणि आई भाकरी थापतेय. मी तुमच्यासमोर. तुम्ही म्हणता, "सांग गं बाय, समद्यांना पोचिवतो, पर आपुन कुठंच पोचत न्हाय. कोण?" मी पटकन म्हणते, "कंडक्टर!" तुम्ही स्वतः एसटीत कंडक्टर, इतकं हसता की खोकला लागतो. "बरुबर हाय, पर त्ये न्हाय." मग मी डोकं खाजवते, चुलीकडं बघते, आईकडं बघते. "हरलीस? मग दे गाव." "सणसर दिलं." "नुसतं सणसर? त्यातला वढा, शाळा, पार, समदं?" "समदं." "मग ऐक. रस्ता." आणि दुसऱ्या दिवशी बारामती-इंदापूर गाडीवर मी तुमच्याबरोबर असले की सणसर आल्यावर तुम्ही मागं वळून मला सांगायचा, "ह्ये माझं गाव हाय बरं का, काल जिकलंय." आई म्हणायची, "गावं जिकून आणा तुमी, पिठाचा डबा हाय रिकामा." तुम्ही म्हणायचा, तुझे आजोबा, आबा, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे तेव्हा वाड्यावर, मेंढरांच्या मुक्कामी, शेकोटीपाशी हाच खेळ चालायचा. मालकीचं एक गाव नव्हतं, म्हणून देताना कुणी हात आखडता घेत नव्हतं.

शाळेच्या पोरांनी गाडी भरलेली असली की तुम्ही गणित घालायचा. मला अजून पाठ आहे. बारामतीहून गाडी निघाली, पिंपळीत निम्मे उतरले आणि एक चढला, सणसरात परत निम्मे उतरले आणि एक चढला, आता गाडीत चार जणं, मग निघताना किती? एखादं पोरगं विचारायचं, "कंडक्टर धरून का सोडून?" तुम्ही म्हणायचा, "कंडक्टरला कोण मानसात धरतंय लेका?" सगळी गाडी हसायची. उत्तर दहा. उलटं मोजत यायचं, मागनं पुढं. हे मी आताच परत करून बघितलं. दहाच येतं. मी आजकाल अशी सारखी तपासते.

कारण तुमचं कसं सुरू झालं ते मला आठवतंय. तेव्हा ते सुरू होणं आहे हे आम्हाला कळलं नव्हतं, म्हणून जास्त आठवतं. अंथुर्णे आलं होतं आणि तुम्ही मोठ्यानं ओरडलात, "चला, लासुर्णे!" लासुर्णे कधीच मागं गेलेलं. एक म्हातारी म्हणाली, "कंडक्टरसायेब, उलटं न्हेताय व्हय आमाला?" लोक हसले, तुम्हीपण हसलात. पण हसताना तुमचा हात बेलच्या दोरीवर तसाच राहिला होता, ओढावी की न ओढावी असा. मग त्या उन्हाळ्यात एकदा जेवताना तुम्ही मला कोडं घातलंत, मी सोडवलं, तुम्ही शाबासकी दिलीत, ताक प्यायलात आणि परत तेच कोडं घातलंत. त्याच आवाजात. तशाच भुवया उडवून. मी आणि आई हसलो. आई म्हणाली, "म्हातारं झाला की काय?" तुमचे केससुद्धा पिकले नव्हते. शेजारच्यांनी आबांचं काढलं. आबापण असेच ऐन उमेदीत मेंढरं सोडून भलतीकडं चालत गेले होते, दोन गावांपलीकडं सापडले आणि शेवटपर्यंत स्वतःच्या घराला पाव्हण्याचं घर म्हणत राहिले. लोक म्हणाले चकवा लागला, माळावरचं भूत वाट चुकवतं ते. तुम्हालापण चकवाच, असं लोक म्हणाले. मी तेव्हा आतल्या खोलीत बसून मनात म्हटलं, एका घरात दोनदा चकवा? आणि ते वाक्य मी पूर्ण केलं नाही. पुढं कोण, हे त्यात यायला लागलं असतं.

आता माझं ऐका. परवा दुपारी मी क्लासवरून आले, चहा टाकला आणि ग्रुप उघडला. पिंपळीनं कोडं टाकलं होतं. डोळा हाय पण बघत न्हाय, पेरं हायत पण बोट न्हाय, मातीत गाडलं की जागं होतं. मी वाचलं आणि मला फार आवडलं. म्हटलं, वा, ही पोरगी कधीपासून असं करायला लागली. पाच-दहा मिनिटं विचार केला, चहा उतू गेला, जमलं नाही. मी लिहिलं, "लासुर्णे दिलं. सांग. आणि कुठनं आणलंस? एक नंबर हाय." तिकडून सणसरनं हसून लोळणारी चित्रं पाठवली, ओळभर. मग लिहिलं, "आयला बारामती, ॲक्टिंगला जा तू." पिंपळीनं लिहिलं, "अगं बये, उसाचं बेणं! तूच टाकलंवतंस की मागच्या महिन्यात! मी नुसतं परत टाकलं, सणसरला तवा आलं नव्हतं म्हणून."

मी वर सरकवत गेले. होतं. माझ्या नावानं. खाली मीच लिहिलं होतं, हे मी स्वतः रचलंय, क्लासवरून येताना लागणीसाठी चाललेली बेण्याची ट्रॉली दिसली तेव्हा सुचलं. तात्या, मला ती ट्रॉली आठवत नाही. मी तिथंच ओट्यापाशी खाली बसले. सांडलेला चहा गॅसवर चर्र वाजत होता आणि मी ट्रॉली शोधत होते डोक्यात, कुठं दिसली, कुठल्या वळणावर, ऊन होतं का. काहीच नाही. मग मी लिहिलं, "गंमत केली रे तुमची." आणि वर एक जीभ काढलेलं तोंड.

लोक विसरतात, मला माहीत आहे. मीपण आधी विसरायचेच, किल्ल्या, छत्री, वाढदिवस. पण तेव्हा विसरणं नुसतं विसरणं होतं. मी लिहिते ना, त्यात मुद्दाम वाक्यं अर्धी सोडते, शब्द भलत्या जागी ठेवते, एक मासिकवाले म्हणालेसुद्धा की वाचकाला धाप लागते. मला त्याचा माज होता. आता एखादं वाक्य अर्धं राहिलं की मी त्याच्याकडं बघत बसते, हे मी तोडलं की आपोआप तुटलं? परवापासून हे सोडलं तर काही लिहिलेलं नाही. क्लासमध्ये फळ्यासमोर उभी असते आणि एका हाताची बोटं पाठीमागं धरून गावं म्हणते, पिंपळी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव, इंदापूर. एकदा शेळगावला अडकले. पुढचं येईना. एक पोरगी म्हणाली, "टीचर, बोला ना, क्ष बरोबर काय?" मी म्हटलं, निमगाव. सगळा वर्ग हसला, आणि तात्या, मीपण हसले, तुम्ही हसला होता तशीच.

लोणी देवकरचा ग्रुपवर फार बोलत नाही. पण त्यानं परवा रात्रीच फोन केला. म्हणाला, "गंमत बिंमत न्हवती ती. उद्या माझी सुट्टी हाय, स्टँडवर ये." स्टँडच्या कँटीनमध्ये आम्ही बसलो. त्यानं दोन वडे मागवले आणि स्वतःच दोन्ही खाल्ले, घाबरला की तो खातो. मी त्याला तुमचं सांगितलं, आबांचं सांगितलं. पहिल्यांदाच, कुणालातरी. तो म्हणाला, "तू सव्वीस वर्षांची घोडी, तुला काय हुतंय." मी म्हटलं, "तात्यांनापण लोक असंच म्हणायचे." त्यानं ताटलीतली मिरची उचलली, परत ठेवली. "डॉक्टरला इचारू. मी येतो संगं. भाऊ म्हून सांग, न्हायतर मामा म्हून सांग, काय सांगायचं त्ये सांग." "मामा?" "मग काय, केस बघ माझं, कंपनीनं खाल्लं."

डॉक्टर चांगले होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, या वयात हे विसरणं म्हणजे बहुतेक अपुरी झोप आणि काळजी, आणि काळजीनंच माणूस जास्त विसरतो. मला हलकं वाटायला लागलं तोवर त्यांनी विचारलं, वडिलांना कितव्या वर्षी? आजोबांना? मग पेन खाली ठेवलं. म्हणाले, काही घरांत असलं विसरणं रक्तातनं येतं, आलं तर लवकर येतं, आणि आई-बाप दोघांपैकी एकाला असलं तर पोराला येण्याची शक्यता निम्मी. येणार की नाही ते आज रक्त तपासून कळू शकतं, पुण्यात. पण कळून थांबवता येईल असं औषध माझ्याकडं नाही, म्हणून घाई करू नका, माहीत करून घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बाहेर आल्यावर लोणी म्हणाला, "निम्मी म्हंजे काय, छापा-काटा झाला की ह्यो." मी म्हटलं, पिंपळीत निम्मे उतरले. त्याला कळलं नाही. मी समजावलंपण नाही.

घरी आले तर आई शेंगा फोडत होती. म्हणाली, "उशीर का गं?" मी म्हटलं, पेपर तपासत होते. ती माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिली. ती तुमच्याकडं अशी बघायची. शेवटी शेवटी कोडी मी तुम्हाला घालायचे, आणि तुम्हाला उत्तर आलं नाही की ती भाकरी थापता थापता पुटपुटायची, रस्ता, रस्ता, आणि तुम्ही मोठ्यानं म्हणायचा, "रस्ता!" मग आम्ही दोघी टाळ्या वाजवायचो. तुमचा चेहरा उजळायचा. मला कधीच कळलं नाही की तुम्हाला तिचं पुटपुटणं कळत होतं की नाही. आता ते मला फार विचारावंसं वाटतं.

कारण आज सकाळी ग्रुपवर कोडं आलं. सणसरनं टाकलं, जो कायम मुद्दाम अवघड टाकतो आणि मला छळतो. दोन अधिक दोनांपेक्षा जरा वर, असं. एका झाडावर सहा चिमण्या, दोन उडाल्या, मग तीन आल्या, किती राहिल्या. आठवी काय, दुसरीतलं. पिंपळीनं उत्तर टाकलं नाही. लोणीनंपण नाही, तिघंही ऑनलाईन होती, वर दिसत होतं, आणि वाट बघत होती. म्हणजे लोणीनं सांगितलंय. म्हणजे माझ्यासाठी आता सोपं टाकायचं ठरलंय. मला इतकी भीती डॉक्टरसमोर वाटली नव्हती. फोन टेबलावर पालथा ठेवला, पंख्याखाली उभी राहिले. वाटलं शिव्या द्याव्यात, ग्रुप सोडून जावं, लिहावं की अरे मी अजून आहे, मी आहे इथं पूर्ण.

हे तुम्हाला पाठवायला कुठं जाऊ? तुमचा नंबर मी अजून पुसलेला नाही, पण तो आता दुसऱ्या कुणाचा आहे, फोटोत कुणीतरी मोटारसायकलवर बसलंय. त्याला हे पाठवून काय करू. पुण्याला जायचं की नाही ते ठरलेलं नाही. आईला कधी सांगायचं तेपण नाही. एवढंच सांगते, आणि हे मी लोणीलासुद्धा सांगणार नाही. मी फोन उचलला आणि उत्तर लिहिलं, सात. लगेच तिघांकडून टाळ्या आल्या. आणि तात्या, मला बरं वाटलं.