धुऱ्याची माती

मु. सालईखुर्द, ता. उमरेड
२ जून १९७४

चि. रविंद्र यास,

जयाताईचा जय भीम आणि भरभरून आशीर्वाद. आई आणि मी बऱ्या आहोत. आईचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. तुझं पत्र पोचलं. नागपूरला प्रताप नगरात प्लॉट पडताहेत आणि त्यातला एक तुझ्या मनात भरलाय, हे वाचून बरं वाटलं. त्यासाठी इथलं शेत विकायचं, हे वाचून बरं वाटलं नाही. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी शेताची बातमी ऐक. नको असली तरी ऐक.

पाऊस आता बाबांच्या वेळचा राहिला नाही. बहात्तर साली आलाच नाही. गेल्या वर्षी महिनाभर तोंड लपवून बसला आणि मग एका दुपारी सगळा कोसळला. आपलं शेत म्हणजे टेकडीपासून नाल्यापर्यंत उतरलेली लांब पट्टी. शेजारी नत्थूजीची तशीच पट्टी, मध्ये हद्दीचा धुरा. पट्टी उभी म्हणून पेरणीही उभीच, आणि उभ्या पेरणीत तिफणीने पाडलेलं प्रत्येक तास म्हणजे पाण्याला नाल्याकडे पळायला वाट. वरच्या अंगाला आता मुरूम उघडा पडलाय. आणखी दोन पावसाळे असेच गेले तर विकायलासुद्धा दगडच उरतील, हे प्लॉटवाल्या भावाने ध्यानात घ्यावं.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याहून शेतकीचे मनोहरराव आले होते. त्यांनी पाण्याच्या नळीने पातळी धरून उताराला आडवे बांध आखून दाखवले. बांधावर गवत लावा, पेरणीही आडवी करा, ज्वारीत तुरीच्या ओळी टाका, म्हणजे एक गेलं तरी दुसरं हाती लागेल, असं म्हणाले. पण बजावून गेले की बांध दोन्ही पट्ट्यांतून सलग गेले पाहिजेत. एकट्याने करू नका.

आता आपण नत्थूजीच्या दारी जाणार? आईने नाव काढू दिलं नाही. आम्ही दोघींनी आमच्याच पट्टीत बांध घातले. त्या एका दुपारच्या पावसात पाणी बांधाला अडलं, धुऱ्याकडे वळलं, धुरा फोडून नत्थूजीच्या पट्टीत शिरलं आणि तिथे बैल बसेल एवढी घळ पाडून गेलं. जाताना आपलेही दोन बांध घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी नत्थूजी दारात हजर. "बायजाबाई, तुमच्या पान्यानं माहं वावर कापून नेलं ना वं!"

आई म्हणाली, "माहं पानी कुठून आलं गा? आभायातून आलं. त्याले जाऊन इचार."

बराच वेळ दोघं भांडली. मी ऐकून घेतलं आणि मग मनोहररावांचं म्हणणं सांगितलं, बांध दोघांचे मिळून घालावे लागतील. नत्थूजी म्हणाला, "बांध घालू. पन मंग पेरनी आडवी. तिफन तर धुऱ्याच्या ह्या अंगाची त्या अंगाले जाईन."

तो कशापाशी अडला, ते तुला सांगायला नको. तू दहा वर्षांचा होतास. आपल्या तिफणीचं एक तास चुकून त्यांच्या पट्टीत गेलं होतं. कोंब वर आल्यावर नत्थूजीच्या आईने ते एक-एक उपटून आपल्या अंगावर फेकले. आईच्या हातची पेर त्यांच्या वावरात नको म्हणून. नत्थूजी मागे उभा राहून बघत होता. त्या दिवशी तू जो घरात शिरलास, तो पुन्हा कधी वावरात उतरला नाहीस. तुला शेत विकायचंय ते प्लॉटसाठी नाही रे, हे मला कळतं. मी तुझी बहीण आहे.

म्हणून मी नत्थूजीला सरळ सांगितलं, "भाऊ, बांध सलग तर पेरणीही सलग. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिफणीमागे बियाणं आईच सोडेल. तुमच्या पट्टीतसुद्धा. कबूल असेल तर बोला."

तो तसाच निघून गेला. दिवाळी गेली, थंडी गेली. मी मनाशी ठरवलं होतं, नाही आला तर या वर्षी पुन्हा एकटीने बांध घालीन, पुन्हा फुटले तर पुन्हा घालीन. गेल्या महिन्यात सकाळी तो खांद्यावर कुदळ आणि हातात गाठोडं घेऊन आला. गाठोडं आईपुढे ठेवलं. त्याच्या घरची बियाण्याची ज्वारी. म्हणाला, "तुमीच पेरा."

मला वाटलं आई रडेल. आईने मूठभर ज्वारी हातावर घेतली, फुंकर मारली आणि म्हणाली, "किडकी हाये गा. पाखडून आन." नत्थूजी मुकाट्याने गाठोडं उचलून घरी गेला आणि पाखडून परत आला! आई मग दिवसभर गुणगुणत होती.

आता जे इतका वेळ टाळतेय ते लिहिते. रविंद्र, बाबांचा धुरा आम्ही मोडला.

छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्याच आठवड्यात त्यांनी तो धुरा नव्याने रचला. जमीन आपली आहे, हे गावाला दिसावं म्हणून. दरसाल त्यावर माती चढवली. मी कुदळ उचलून नुसतीच उभी राहिले. तेव्हा आईने ती माझ्या हातातून घेतली आणि पहिला घाव तिने घातला. म्हणाली, "तुह्या बाबानं माती राखाले धुरा बांधला व्हता. मातीच चालली, त धुरा काय चाटाचा हाये?"

ती माती वाया गेली नाही. तीच आडव्या बांधांना घातली. बाबांनी रचलेले दगड पाणी ओसंडायच्या जागी बसवले. हद्दीचे दोन्ही टोकांचे दगड जागेवर आहेत, तेव्हा तलाठ्याकडे धावू नकोस. बांधांवर लावायला गवताचे ठोंब भिजवून ठेवले आहेत.

तर आता तुझ्या पत्राचं उत्तर. मी सही करणार नाही. तुझा हिस्सा तुझा आहे, तो मी गिळणार नाही. पण या पावसाळ्यात बांध टिकतात की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय विकायचं नाव काढायचं नाही. रागाव हवं तर. राग तुला शोभतो, बाबांसारखा दिसतोस.

तिफण आपली, बैल नत्थूजीचे, बियाणं आईच्या हातात. तिफण हाकणारा मात्र नाही. धुरा खोदून नत्थूजीची कंबर धरली आहे. तो मजूर आणतो म्हणाला, मी नको म्हटलं. आमच्या घरचा माणूस हाकेल, असं सांगून बसले आहे.

जिथून ते कोंब उपटून फेकले होते, त्याच मातीत आई पेरणार आहे. तिच्यापुढे तू असावंस, एवढंच मला वाटतं. बाबांची बैल हाकायची काठी दाराशी काढून ठेवली आहे. ओल झाली की पेरणी. तुझ्यासाठी एक दिवसही थांबणार नाही. तू आला नाहीस तर ती काठी मी उचलीन. बाईने तिफण हाकलेली या गावाने अजून पाहिलेली नाही. पाहील.

आईने सांगितलंय, येताना इतवारीतून तिच्यासाठी नवं सूप आण. नत्थूजीची ज्वारी पाखडून जुनं फाटलं.

तुझी वाट बघणारी, पण न थांबणारी,
जयाताई