टाचेखालचा सेन्सर

वसमत, मंगळवार, संध्याकाळ

हसावं की थुंकावं, कळेना. पुण्याचे ते इंजिनिअर साहेब! शुगरनं पाय बधिर झालेल्यांसाठी त्यांनी सेन्सरचा मोजा काढलाय. तळपायावर दाब वाढला की मोबाइलवर लाल खूण येते. कापडी सेन्सर मोज्यात शिवायचं काम माझं. सेन्सर टाचेखाली घ्या, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ताई, तुम्ही फक्त चित्राप्रमाणे शिवा." चित्रात तो तळव्याच्या खोलगट भागात. तिथं पाय जमिनीला टेकतो तरी का? तरी शिवला मी. का शिवला?

मामंजींचे पायही शुगरनं बधिर. आज ते तो मोजा घालून शेळ्या चारून आले. काढला तर टाच रक्तानं भरलेली. त्यांना पत्ताच नाही. मोबाइलवर हिरवंच.

"रीडिंग नॉर्मल आहे," चाचणी बघायला आलेले साहेब म्हणाले.

"रगत दिसून न्हाई राहिलं का तुमाला?" मामंजींनी विचारलं.

मामंजींना दवाखान्यात नेऊन मलमपट्टी करून आणली. मग दुसऱ्या मोज्याचा सेन्सर उसवून टाचेखाली शिवला आणि साहेबांनाच घालायला लावला. उभे राहताच लाल!

"बघा, माझं डिझाइन चालतं!" वर हे तोंड!

म्हटलं, यापुढं चित्र बघून शिवणार नाही.

"मग काय बघून शिवणार?"

"मामंजींचा पाय."

त्या पायाकडे साहेबांनी अजून एकदाही वाकून पाहिलेलं नाही.