पांढऱ्या लुगड्याची टोपी

माय, तुझ्या हातची शेवटची टोपी गाडीवरून उतरली. हे तुला आधी सांगतो, बाकीचं मग.

आपल्या ट्रकच्या केबिनमागे हवेची उभी नळी आहे ना, तिच्या तोंडावर तू बांधायचीस ती टोपी. इंजिन त्या नळीतून हवा ओढतं आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर हवेपेक्षा धूळच जास्त. विहारात नेसायचं पांढरं लुगडं विरलं की तू त्याच्या टोप्या शिवायचीस, कडेला नाडी ओवून. बाबा म्हणायचे, रंगीत कापड घे, लवकर मळणार नाही. "मळलेलं दिसाले पाह्यजे ना जी," एवढंच तुझं उत्तर. रविवारी मोरीत टोपी धुवायला बसलीस की पाणी काळं निघायचं नाहीतर लाल. काळं म्हणजे गाडी राजुऱ्याच्या कोळशावर होती, लाल म्हणजे एटापल्लीकडच्या लाल मातीत. बाबांनी तोंड उघडायच्या आधी ते कुठून आले हे तुला कळलेलं असायचं, आणि ते उगाच चिडायचे.

एकदा मी घाईत टोपी ओलीच बांधली. अजून दिसतं मला ते. तू चुलीवरची भाकर टाकून अंगणात येतेस, पिठाचे हात तसेच, आणि म्हणतेस, "वलं फडकं बांधून राह्यला? श्वास कोंडून मारतं का तिले?" मग टायरवर पाय देऊन स्वतः वर चढतेस आणि ती सोडून घेतेस. खाली उतरलीस तेव्हा तुला खोकल्याची उबळ आली होती. तेव्हा आम्ही त्या खोकल्याकडे कुणी बघत नव्हतो. कोळशाचा रस्ता दारावरून जात होता आणि तू दिवसातून किती वेळा अंगण झाडायचीस. पुढे चंद्रपूरच्या डॉक्टरने विचारलं, बाई, धुळीत काम करता का? तू म्हणालीस, "नाई जी, घरीच राह्यतो." गाडीच्या तोंडाला तू जन्मभर फडकं शिवलंस, पण स्वतःच्या नाकाला कधी पदर लावला नाहीस. याचा मला राग येतो, माय. इतकी वर्षं झाली, तरी येतो.

आता गाडी धाकटा भाऊ चालवतो. नवी गाडी आहे, पण नळी तशीच आणि टोपी तू शिवून ठेवलेल्यांतली शेवटची. माझी कंबर गेली, मी घरी बसून मालाचे फोन करतो. दिवाळीच्या आधी त्याने चंद्रपुरातल्या एका दुकानातून हवेचं किट आणलं. चकचकीत पाइप आणि उघडा, शंकूसारखा फिल्टर. दुकानदाराने सांगितलं होतं की गाडी मोकळा श्वास घेईल, घाटात ताकद मिळेल, डिझेल वाचेल. कंपनीचा फिल्टरचा डबा काढला, नळीही काढली. म्हणजे टोपी बांधायला जागाच उरली नाही. मी विचारलं, टोपी कुठाय? म्हणाला, "असन कुठीतरी." त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. त्याने ती फेकली असं मी मनात धरून बसलो होतो.

खरं सांगतो, पहिले काही दिवस गाडीचा आवाज रुबाबदार झाला होता. आवाजापलीकडे काही झालं नाही. उन्हाळा लागला आणि गाडी निळा धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली. मग एका दुपारी त्याचा फोन आला की गडचिरोलीच्या अलीकडे गाडी बसली. मी एसटीने निघालो. रस्ताभर त्याला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होतो.

तो गाडीच्या सावलीत बसला होता. तोंडावर तुझी टोपी. उसवून सपाट केलेली, नाडी डोक्यामागे बांधलेली, लालभडक झालेली.

मी वाकून नाडीला बोट लावलं. त्यालाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "मायची आहे ना. फेकू कशी? खिडकीची काच बसत नाई बरोबर, धूळ लय येते आत." मग म्हणाला, "पहिले पाह्यलं, तिचा वास येते का म्हणून. डिझेलचाच येते." तू गेलीस तेव्हा तो दुपट्यातून नुकता बाहेर आलेला. तुझा चेहरा त्याला आठवत नाही, माय. मी जुळवलेलं सगळं तिथेच राहिलं.

गाडी ओढून राजुऱ्याला आणली. मिस्त्रीने फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट लाल. "भाऊ, टर्बोची गाडी आहे हे. तिले पाह्यजे तेवढी हवा ते ओढूनच घेते. तुम्ही तिले हवा नाई देली, माती चारली." पिस्टनच्या रिंगा घासल्या होत्या, टर्बोच्या पंख्याची पाती झिजली होती. इंजिन उघडं पडलं होतं आणि धाकटा कोपऱ्यात उकिडवा बसून ते बघत होता. किट काढलं. जुना डबा आणि जुनी नळी परत बसवली.

हे पत्र मी त्याची तक्रार करायला घेतलं होतं. लहानपणी गल्लीतल्या पोरांची करायचो तशी, तुझ्या चुलीपाशी येऊन. आता करवत नाही. तो परवा जेवताना खोकला आणि माझा घास हातातच राहिला.

गाडी निघायच्या दिवशी त्याने ती टोपी धुऊन, पुन्हा शिवून, वाळवून माझ्या हातात दिली. नळीला बांध म्हणाला. मी त्याला सांगितलं, मिस्त्री म्हणाला आता टोपीची गरज नाही, तू तोंडाला बांधत जा. मिस्त्री असं काही म्हणाला नव्हता, माय.