जोडीदाराचं कलम

सोमवार, ६ फेब्रुवारी

मला कमिटीवर घातलं! काउंटीच्या नोकरीत गाडीने रस्त्यांवरचा बर्फ उपसणारा माणूस मी. गस तांबोर्स्कीने, आमच्या युनियनच्या अध्यक्षाने, गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी तोंड उघडेपर्यंत टाळ्या पडल्यासुद्धा. आरोग्यविम्याच्या वाटाघाटी! म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणतो, "म्हणूनच तू हवास, व्हर्लिन. कळणाऱ्यांनीच आजवर बुडवलंय आपल्याला."

हे कौतुक होतं का?

बुधवार, ८ फेब्रुवारी

पहिली बैठक, कोर्टाच्या तळघरात. काउंटीचा वकील व्हिटलॉक. याच्यावर चिडायचं ठरवूनच गेलो होतो. माझे बूट ओले बघून त्याने हीटरजवळची आपली खुर्ची मला दिली. आता काय करायचं?

नव्या कराराचं चौऱ्याऐंशी पानांचं बाड. मी तीन तास मान डोलावली. घरी बायको, नोरीन, म्हणाली, "काय ठरलं?" मी म्हटलं, मान दुखतेय.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आज काउंटीने सरळ सांगितलं. एक तर सगळ्यांचा हप्ता दुप्पट, नाही तर जोडीदाराचं कलम – ज्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला स्वतःच्या नोकरीत विमा मिळतो, त्या जोडीदाराला आमच्या विम्यातून काढायचं. मग तो दुसरा विमा कसाही असो.

गस कानाशी कुजबुजला, "एकतीस जणांचं जाईल, बाकी चारशेंचं वाचेल. यात विचार कसला करतोस?"

कमिटीत आम्ही पाच. चौघांचे हात वर. मग माझा. हात जड वगैरे काही वाटला नाही. पटकन वर गेला – त्याचंच आता नवल वाटतंय.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

त्या एकतीस जणांत आर्डिथ आहे.

आर्डिथ आमच्या गॅरेजमध्ये रेडिओवर बसते. एकोणीस वर्षं वादळात माझ्या गाडीत तिचाच आवाज. "व्हर्लिन, पुलावर बर्फ धरलाय, सावकाश घे." तिचा नवरा क्लेम चाऱ्याच्या गिरणीत अर्धा दिवस काम करतो. दोन्ही किडन्या गेल्यात त्याच्या. गिरणीचा विमा इथलं डायलिसिस सेंटर मानत नाही. दीड तासावरच्या शहरात न्यावं लागेल त्याला. आठवड्यातून तीनदा. या रस्त्यांवरून!

कॉफीच्या मशीनपाशी भेटली. मी गसची सगळी वाक्यं तिला म्हणून दाखवली. एकतीस, चारशे. तिने ऐकून घेतलं.

"तू होतास ना तिथे? मग तुला नीट कळलं असेल."

टोमणा होता? कॉफीत दूध घातलं आणि गेली.

बुधवार, २२ फेब्रुवारी

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा. गसने मला उभं केलं. मी बोललो! ३ मार्चला सगळ्यांचं मतदान आहे, त्यात या कलमासकट कराराला "हो" म्हणा, म्हणालो. दुप्पट हप्त्याने तरुण पोरं नोकरी सोडून जातील, हेही म्हणालो. ते खरंच आहे.

मागून कोणीतरी ओरडलं, "तुझी बायको घरी बसून शिवणकाम करते! तुझं काय जातंय रे?"

काही नाही. खरंच काही जात नाही. पण मग मी चूक आहे, की फक्त नशीबवान? टाळ्या माझ्यासाठी होत्या की ओरडणाऱ्यासाठी, तेही कळलं नाही.

आर्डिथ तिसऱ्या रांगेत होती. हातमोजे मांडीवर. एकटक माझ्याकडे बघत.

सोमवार, २७ फेब्रुवारी

बर्फ. अकरा तास गाडीवर. रेडिओवर आर्डिथचा आवाज नेहमीसारखाच. कसा काय?

शुक्रवार, ३ मार्च

मतदान. पुठ्ठ्याचा आडोसा, दोरीला बांधलेली पेन्सिल. पंधरा दिवस मी जो भेटेल त्याला "हो" म्हणायला सांगतोय. आत गेलो आणि "नाही"वर खूण केली.

का? अजून सांगता येत नाही. चिठ्ठी घडी करून टाकली. दारात गसने पाठीवर थाप मारली – "शाब्बास, गड्या!" मी हसलो. नोरीनलाही सांगितलेलं नाही. ठीक आहे, एका चिठ्ठीने असा काय फरक पडणार.

शनिवार, ४ मार्च

हो – दोनशे तीन. नाही – दोनशे चार. करार एका मताने पडला. आता दुप्पट हप्ता, नाही तर संप. गसला फोनवर बोलवेना.

मग आर्डिथचा फोन. मला वाटलं, आनंदात असेल. रडत होती. "माफ कर रे, मी तुझ्यासाठी एवढंच करू शकले. मी 'हो' टाकलं. क्लेमला विचारूनच. तू उभं राहून सांगितलंस ना – म्हटलं, व्हर्लिन उगाच नाही बोलणार."