गाडीचा अंदाज

३ फेब्रुवारी
आज पुन्हा सात नंबरचा खांब. या वर्षातली ही तिसरी वेळ. बंपरच्या डाव्या कोपऱ्याला तळहाताएवढा पोचा. दोष कुणाचा? पार्किंगमधले खांब गेल्या महिन्यात राखाडी रंगवले. जमीन राखाडी, भिंत राखाडी, खांबही राखाडी. माणसाने ओळखायचा कसा? ही म्हणाली, चौदा वर्षं तो तिथेच उभा आहे, निदान सवयीने तरी ओळखा.

मला गाडीचा अंदाज नाही, असं हिचं म्हणणं. मी ऑफिसात अंदाजपत्रकं काढतो. बावीस वर्षं. लोकांच्या किचनमध्ये किती कपाटं बसतील ते दारात उभा राहून सांगतो. अंदाज नाही म्हणे.

निश्चय: गाडीला पुढे लोखंडी गार्ड बसवायचा. याच आठवड्यात.

४ फेब्रुवारी
गार्डचं खरं कारण खांब नाही. हे स्वतःशी स्पष्ट असलेलं बरं. मुलीला आठवा संपत आला. जावयांची नोकरी फिरतीची, म्हणून ती आमच्याकडे आहे. बाळाला हॉस्पिटलमधून घरी मी आणणार. माझ्या गाडीतून, स्वतः चालवत. हे मी केव्हाच ठरवलंय. जेवताना सांगितलंही. मुलगी म्हणाली, बघू.

बघू म्हणजे हो.

७ फेब्रुवारी, शनिवार
गॅरेजला गेलो. तिथल्या मेकॅनिकला सगळे मास्टर म्हणतात. मास्टरने गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. चारही कोपऱ्यांवरून हात फिरवला, डॉक्टर पोट दाबून बघतात तसा. मग विचारलं, मागेही लावायचा का?

मी म्हटलं, धोका समोरून येतो. तो म्हणाला, समोरून आलेल्याचा पोचा वेगळा असतो साहेब, हे आपण जाऊन लागलेले आहेत. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं याची या लोकांना पोच नाही. गार्ड न ठरवताच परत आलो. त्याला जरा कळू दे.

८ फेब्रुवारी
जावई आलेत चार दिवसांसाठी. स्वभावाने गरीब, पण वाचन फार. गार्डचं कानावर गेलं असावं. चहाच्या वेळी गाडीचं मॅन्युअल मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, बाबा, पुढे लोखंड लावलं तर धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही, एअरबॅग वेळेवर उघडेलच असं नाही. शिवाय रस्त्यावरच्या माणसाला लागलं तर जास्त लागतं. आणि बऱ्याच ठिकाणी नियमातही बसत नाही.

मी शांतपणे सांगितलं, एअरबॅग उघडायची वेळच येऊ द्यायची नाही, हेच तर गार्डचं काम. त्यांनी मान डोलावली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, मान डोलावली म्हणजे पटलं असं नाही हो.

चौदा वर्षं गाडी चालवणाऱ्याला मॅन्युअल दाखवायचं. हे म्हणजे आचाऱ्याला चुलीवरची वाफ दाखवणं झालं.

१० फेब्रुवारी
कुणाशीही वाद घालायचा नाही. कृतीतून दाखवायचं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये रिकामी खोकी उभी केली आणि त्यांच्यामधून गाडी काढायचा सराव केला. पाच खोकी. तीन उभी राहिली. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. वॉचमनने दोन चपटी खोकी उचलली आणि विचारलं, साहेब, अजून आहेत का, रद्दीवाला आलाय.

१३ फेब्रुवारी
आज मुलीने सांगितलं. सरळच. बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पण बाळाला घेऊन मी टॅक्सीने येईन.

वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवणार नाही.

मुलीला मी स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडायचो. रोज. तेव्हा कुठली एअरबॅग होती? दोन्ही हँडलच्या मध्ये तिची वेणी, आणि मी त्या वेणीवरून रस्ता बघायचो. एकदाच पडलो. तेही फाटक अचानक मध्ये आल्यामुळे. तिच्या हनुवटीवरची खूण आता दिसतही नाही. फोटोत थोडी दिसते.

ही म्हणाली, तिने त्या खुणेचा आजवर एकदा तरी उल्लेख केलाय का, आठवा. नाही केला. मग मला अजून वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी
मार्ग निघाला. हिनेच काढला. आजपासून तीन आठवडे, म्हणजे आठ मार्चपर्यंत, गाडीला एकही नवा ओरखडा आला नाही तर बाळाला मी आणायचं. आला तर टॅक्सी. मुलगी म्हणाली, चालेल. इतक्या चटकन म्हणाली की मला थोडा संशय आला, पण हो म्हणजे हो.

सुवर्णसंधी. आता गार्ड हवाच. कारण अट गाडीच्या ओरखड्याची आहे. गार्डला जे लागेल ते गार्डला लागेल. गाडीला नाही. हा मुद्दा कुणाच्या लक्षात आलेला नाही, आणि मी तो आणून देणार नाही.

१६ फेब्रुवारी
हाफ डे टाकून गॅरेज. गार्ड बसवला. काळा, जाड नळीचा, मध्ये उभ्या दोन पट्ट्या. गाडीला एकदम मिशा आल्यासारखं झालं. मास्टर म्हणाला, दोन नट या मापाचे नाहीत, परवा येतील, तेवढं येऊन घट्ट करून घ्या. मी हलवून बघितलं. अंदाजे घट्टच आहे.

गेटमधून आत आलो तर वॉचमन खुर्चीतून उठून दोन पावलं मागे सरला. आदर म्हणतात तो हाच.

१७ फेब्रुवारी
एक बारीक अडचण. गार्डमुळे गाडी लांब झाली. माझा अंदाज चार बोटांचा होता, टेप लावल्यावर वीतभर निघाली. त्यामुळे मागचा भाग रस्त्यात येतो. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर येऊन सांगून गेले की त्यांना गाडी वळवता येत नाही. बरं नाही दिसत शेजाऱ्याला अडवणं. उपाय: गाडी पुढे घेऊन गार्ड खांबाला टेकवायचा. टेकला की थांबायचं. उलट सोयच झाली.

टेकवणं म्हणजे धडकणं नव्हे. ही खिडकीतून ऐकत होती. तिला आवाजावरून फरक कळला नाही.

२१ फेब्रुवारी
सहा दिवस. एकही ओरखडा नाही. ऑफिसात सहज सांगितलं, तर लोकांनी विचारलं की यात सांगण्यासारखं काय आहे. नट राहिलेच. सोमवारी नक्की.

२५ फेब्रुवारी
लिफ्टजवळ सेक्रेटरींची नोटीस. सात नंबरच्या खांबाचं प्लास्टर पडत आहे, संबंधितांनी काळजी घ्यावी. संबंधित कोण हे लिहिलेलं नाही. मीही त्याखाली सही केली, वाचल्याची. बांधकामाचा दर्जा हल्ली असाच.

१ मार्च
कमाल आहे. आज दोन माणसं येऊन सात नंबरच्या खांबाच्या कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकून गेली. खाली काळे-पिवळे पट्टे. म्हणजे खांबाला गार्ड. मी गाडीला गार्ड लावायचा तर दोन आठवडे घरात संसद भरली, मॅन्युअल निघालं. खांबाला लावायला पंधरा मिनिटं. खांबाला कुणी एअरबॅगचं विचारलं नाही.

वॉचमन म्हणाला, आता बघू कोण जिंकतं. मी हसलो नाही.

५ मार्च
हिने तपासणी केली. टॉर्च आणि शिवणाचा चष्मा घेऊन. गाडीला एकही नवा ओरखडा नाही. मग ती खांबाकडे गेली. नवीन पट्टीचं खालचं टोक उचकटून बाहेर आलंय, त्यावर बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता वर गेली. तिचं न बोलणं मी मंजुरी धरतो.

नट: उद्या.

८ मार्च
मुलगी झाली. पहाटेच निघाले सगळे, मी आंघोळीत होतो तेवढ्यात, काल रात्रीच आलेल्या जावयांबरोबर, टॅक्सीने. घाईच होती, त्याचं काही नाही. अट आणण्याची होती, नेण्याची नव्हती.

काचेतून बघितली. मूठ केवढीशी. पायाच्या बोटाचं नख तर माझ्या पेन्सिलच्या टोकाएवढं. डोळे भरून आले. नर्सने विचारलं, आजोबा का? मी म्हटलं, हो, आणि ड्रायव्हर. परवा सकाळी अकराला सोडतील.

तीन आठवडे पूर्ण. ओरखडा शून्य. जिंकलो.

१० मार्च, सकाळी ८
गाडी धुतली. आतून पुसली. जावयांनी कालच मागे बाळाची सीट बांधून ठेवली होती, त्याचे पट्टे दोनदा ओढून बघितले. टाकी फुल. टायरमध्ये हवा. इस्त्रीचा शर्ट. दहा वाजता निघणार. रस्ता पाठ आहे, वळणं नऊ, स्पीड ब्रेकर चार. ही आणि जावई कालपासून तिकडेच आहेत. मला अंदाज आहे, मुलगी मागे बसेल, बाळ तिच्या डाव्या बाजूला, आणि मी आरशातून मध्ये मध्ये बघणार.

१० मार्च, सकाळी १०.२०
गाडी निघत नाही. बंद पडलेली नाही. सुरू आहे, रिव्हर्स आहे, जात नाही. खांबाच्या पट्टीचं उचकटलेलं टोक गार्डच्या नळीमागे अडकलंय. दोन गार्ड एकमेकांत. वॉचमन म्हणतो, साहेब, हळूहळू पुढेमागे करा. पुढे खांब आहे. मागे करतोय तर हे. त्याला म्हटलं, मला अंदाज आहे, तू बाजूला हो.

१० मार्च, सकाळी १०.४०
जोर दिला. गाडी सुटली. गार्ड सुटला नाही. तो बंपरसकट खांबालाच राहिला, नंबर प्लेटही तिकडेच. गाडी मात्र जी मागे आली ती वॉचमनच्या खुर्चीवर. सुदैवाने तो बाजूला झालेला होता. मागचा दिवा गेला. मास्टरने विचारलं होतं, मागेही लावायचा का.

वॉचमन बराच वेळ दोन्ही हात कमरेवर ठेवून खांबाकडे बघत होता. म्हणाला, खांबाला शोभतोय.

१० मार्च, सकाळी १०.५०
हिला फोन केला. म्हटलं, मला थोडा उशीर होईल. ती म्हणाली, आम्ही टॅक्सीत बसलो पण. म्हटलं, अजून अकरा वाजायचेत. तर म्हणाली, टॅक्सी काल संध्याकाळीच सांगून ठेवली होती हो.

काल संध्याकाळी. काल संध्याकाळी गाडी चांगली होती.

मागून मुलीचा आवाज आला, बाबांना सांग, गेटवर थांबा.

जिना चढून वर आलो. शर्ट बदलावासा वाटेना. जिन्यावर बसूनच हे लिहितोय. राग आलाय. खांबाचा, मास्टरचा, सगळ्यांचा. तीन आठवडे मला झुलवलं. पण त्या हनुवटीचाही विचार मनातून जात नाही. चार वर्षांची होती. पडल्यावर रडली नव्हती. मलाच विचारलं होतं, बाबा, तुम्हाला लागलं का?

१० मार्च, दुपारी २
टॅक्सी गेटवर थांबली. ड्रायव्हर विशीतला, पण गाडी फुटपाथला बरोबर एक वीत सोडून लावली. मी लक्ष दिलं नाही.

मुलगी हळूहळू उतरली. सात नंबरच्या खांबाकडे तिची नजर गेली. गार्ड, बंपर, नंबर प्लेट, सगळं जागेवर. ओठ घट्ट मिटले तिने, हसू आवरायला की काय कोण जाणे. मग दुपट्यातलं बाळ माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, बाबा, इथून वर तुम्ही न्या.

घेतलं. वजन म्हणावं तर काहीच नाही. गेटपासून लिफ्टपर्यंत बत्तीस पावलं, एक वळण, एक उंबरा. मी एकेक पाऊल मोजून टाकत होतो. जावई डाव्या बाजूला, वॉचमन मागे. आणि ही माझ्यासमोर, दोन्ही हात पसरून, माझ्याकडे तोंड करून उलटी चालत होती. खांब आला तसा तिने पाठीमागे हात नेऊन आधी तो चाचपला, मग मला पुढे येऊ दिलं.

तिच्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. दोनदा सांगितलं, बाजूला हो, मला अंदाज आहे. झाली नाही.

बाळाला कुठेही लागलं नाही.