वॅटल फुलायच्या आधी

८ ऑगस्ट
लावले! तीन बादल्या, प्रत्येकीत दोन पिंक-आय बटाटे. शेत विकताना बाबांनी राखलेलं बेणं, आता एवढंच उरलंय. पुस्तक म्हणतं, माती सात अंशांवर गेली की लावा. बादलीतली माती जमिनीआधी तापते, आणि रात्री दव गोठायला लागलं तर बादली उचलून आत घेता येते. थर्मामीटर तीनदा खुपसला. साडेसात.

बाबा मागे उभे, नजर कुंपणापलीकडच्या वॅटलच्या झाडाकडे; ऑगस्टअखेर इथला हिवाळा सरला की ते पिवळं फुलतं. "वॅटल फुलला का?"

"अजून नाही."

"मग बटाट्याला ऊठ म्हणून कुणी सांगितलं? तुझ्या त्या काचेच्या काडीनं?"

"कॉलेजात हेच शिकवतात, बाबा."

घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, म्हणून हे वाक्य फार वापरते. नंतर वाईट वाटलं. ह्यूऑन नदीच्या काठी चाळीस वर्षं बटाटे काढलेत त्यांनी.

११ ऑगस्ट
एक बादली उपसलेली. बाबा शेजारी उकिडवे, हात मातीनं भरलेले, मुठीत बटाटा.

"मी परत ठेवत होतो गं."

"मग काढला कुणी?"

बटाट्यावरची माती अंगठ्यानं पुसली. मग — "मीच असेन. हल्ली माझं काही खरं नाही."

गेल्या महिन्यात गॅस तसाच चालू ठेवून फिरायला गेले होते. काय करू मी?

१२ ऑगस्ट
पुन्हा लावले.

१४ ऑगस्ट
पुन्हा! या वेळी दोन बादल्या. मी ओरडले. "वॅटल फुलला नाही म्हणून मुद्दाम काढता ना?"

"तसंच असेल, पोरी."

ते भांडले असते तर बरं झालं असतं.

२१ ऑगस्ट
म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमाची गरज आहे का, ते तपासणाऱ्या सरकारी बाई आल्या. फॉर्मवर प्रश्न — केलेलं काम विसरून मोडतात का? मी 'हो' लिहिलं. बादल्यांचंही लिहिलं, तारखांसकट. दिवसभर मी कामावर असते, घरात ते एकटे. खोटं कसं लिहू?

शेजारची डल्सीमावशी म्हणाली, "अगं, फॉर्मवर थोडं इकडचं तिकडे करावं! माझ्या नवऱ्याला मी तीन वर्षं शहाणा म्हणून खपवला."

हसू आलं नाही.

२ सप्टेंबर
वृद्धाश्रमात जागा झाली. गाडीनं पाऊण तास. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. नाही म्हटलं तर पुन्हा यादीच्या तळाशी.

बाबांना विचारलं. म्हणाले, "तू शिकलेली. तूच ठरव."

५ सप्टेंबर
हो म्हटलं.

९ सप्टेंबर
सोडून आले. बॅग त्यांनी स्वतःच भरली होती, कालच. जाताना रस्ताभर वॅटल पिवळाधमक. बाबा काचेला नाक लावून बसलेले. "आता लाव," म्हणाले. "मी नाही आता उपसायला."

मला गाडी थांबवावीशी वाटली. थांबवली नाही.

१० सप्टेंबर
लावले. माती नऊ अंश. कुणाला सांगू?

१३ सप्टेंबर
सकाळी तिन्ही बादल्या उपसलेल्या. एका बटाट्यावर बारीक दातांचे व्रण. फरशीवरून कुंपणाकडे गेलेले, कुठल्याशा प्राण्याच्या इवल्या पंज्यांचे चिखलाचे ठसे.

घरात मी एकटी राहते.