एका भागातलं मीठ

३ नोव्हेंबर

चि. बिट्टीस, अ. आ.

गार्लिक ब्रेडच्या पाकिटावरून कापून पाठवलेला तक्ता मिळाला. शिवणकाम करून पोट भरतेस आणि कात्री अशी चालवतेस? असो, आकडे शाबूत आहेत. एका भागात दोनशे दहा कॅलरी, दहा ग्रॅम चरबी, पॉइंट सात ग्रॅम मीठ. लसूण दोन टक्के, म्हणजे नावापुरती.

बाबांच्या हृदयासाठी डॉक्टरांनी दिवसाला चार ग्रॅम मीठ ठरवून दिलं आहे. त्यात हा गार्लिक ब्रेड बसतो. आई गेल्यापासून ते दुसऱ्या कशालाच नीट तोंड लावत नसतील, तर संध्याकाळी हा एक पाव खुशाल दे. बाकी जेवण मात्र अळणी. एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात मात्रा वाचल्या आहेत मी, त्यामुळे शंका काढत बसू नकोस.

रोज सकाळी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून बघ. खड्डा पडून राहिला तर पाणी साचतंय असं समज. वजन, दम, झोप, सगळं कळव. फोनवर नको. बाबांना ऐकू येत नसलं तरी तुझ्या ओठांकडे बघून ते सारं ओळखतात. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस तो. शस्त्रक्रियेनंतर माझा गुडघा अजून वाकत नाही आणि महिनाभर जिना उतरायची बंदी आहे, नाहीतर मीच येऊन तुम्हा दोघांना सरळ केलं असतं.

बाबांना नमस्कार, तुला धाक आणि माया दोन्ही.

तुझी ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र म्हणजे प्रश्नपत्रिका. उत्तरं क्रमानं देते. बाबांचं वजन दीड किलोनं उतरलं. घोट्यावर खड्डा पडत नाही. झोप चांगली. दम तर नाहीच. काल दोन मजले चढून वर पोचले आणि मलाच म्हणाले, की तू कसली एवढी धापा टाकतेस.

पावाचा वास सुटला की स्वतःहून टेबलाशी येऊन बसतात. एकट्यानं खायचं नाही असा त्यांचा हट्ट आहे, म्हणून मलाही समोर बसवतात. चार तुकडे स्वतः करतात, पट्टी लावून कापल्यासारखे. आई गेल्यानंतर प्रथमच घरात कुणीतरी भूक लागली असं म्हणतंय.

मी ठीक. रोज लोणी खाऊन जाड झाले बहुतेक. अंगठी निघेना, शेवटी साबण लावून काढली. मशीनच्या पॅडलवर पाय ठेवला की चपलेचा पट्टा रुततो. सकाळी डोकं जड असतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. बाबांच्या गोळ्यांच्या धांदलीत माझी प्रेशरची गोळी मधूनमधून राहून जाते. रागावू नकोस. आणि त्यांना माझ्या प्रेशरचं कळू द्यायचं नाही असं आपलं ठरलंय, ते मी पाळलंय.

गुडघ्याला जप. ओरडायला का होईना, पण लिहीत जा.

तुझी बिट्टी

१९ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,

घाईत लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

शेजारीण दुकानात निघाली होती. तुमच्या कौतुकाचा तो पाव एकदा बघावा म्हणून मागवला. पाकिटावर तक्ता तोच. पण तू जिथे कात्री चालवलीस त्याच्या खाली, दुमडलेल्या कडेवर, बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. या पाकिटात चार भाग. पाकिटात एकच पाव असतो, म्हणून मी एक भाग म्हणजे अख्खा पाव असं धरलं. तर ते मीठ पॉइंट सात नाही. दोन पॉइंट आठ आहे. दोन आठवडे, रोज, आणि तेही माझ्या परवानगीनं. कुणी गिऱ्हाईक असा कापलेला कागद घेऊन आलं असतं तर मी त्याला काउंटरवरून परत पाठवलं असतं.

काल दुपारपासून सात वेळा फोन केला. नुसता वाजत राहतो. तू कामासाठी बाहेर गेली असशील असं पहिल्या तीन वेळा वाटलं. आता वाटत नाही. डोळ्यांपुढे बाबांचे सुजलेले पाय येतात आणि खुर्चीत ताठ बसून श्वास ओढणारे बाबा दिसतात. खिडकीपर्यंत जाते आणि परत येते, याच्यापलीकडे मला काही करता येत नाही.

तो पाव फेकून दे. बाबांना ताबडतोब दवाखान्यात ने. चूक माझी आहे असं डॉक्टरांना सांग. तुझ्या अंगावर घेऊ नकोस.

शेजारीण हे तातडीच्या टपालानं टाकते आहे.

ताई

२१ नोव्हेंबर

चि. थोरलीस, आशीर्वाद.

फोन वाजला असेल. घरात मी एकटाच होतो. तुझं पत्र आज सकाळी मिळालं.

मी बरा आहे. हे आधी लिहितो, पण हायसं वाटून घेऊ नकोस. बिट्टी इस्पितळात आहे. अठरा तारखेला सकाळी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या कलंडली. प्रेशर दोनशे दहा निघालं. आज एकशे साठ आहे. बोलते स्पष्ट, पण डाव्या हाताच्या बोटांत सुई ठरत नाही. ती ताकद परत येईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारलं की दुसरीकडे बघतात, मग मला त्यांचे ओठ वाचता येत नाहीत.

ती दुमडलेली ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली होती. बारीक टाईप दिसला की डोळा जातोच. पण तक्ता तिनं कापलेला आणि तू तपासलेला. चूक दाखवली असती तर तू तिला फैलावर घेतलं असतंस. म्हणून गप्प राहिलो. चार तुकडे करायचे, एक आपण खायचा, तीन तिच्या बशीत ठेवायचे. टाकून देणं तिच्या जिवावर यायचं, हे मला ठाऊक होतं. तिला प्रेशर आहे हे ठाऊक नव्हतं. ते तुम्ही दोघींनी माझ्यापासून लपवलंत, मला त्रास नको म्हणून.

डॉक्टर म्हणतात, नुसत्या पावानं असं होत नाही, गोळ्या चुकल्याचा परिणाम आहे. मी मान हलवली. तीन तुकडे माझ्याच हातानं वाढत होतो, ते त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतो आहे.

गुडघा सांभाळ. आणखी कुणाला उचलायची ताकद माझ्यात नाही.

बाबा

२४ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,

बाबांचं पत्र मिळालं. त्यानंतर तुझं दहा तारखेचं पत्र काढून वाचलं. अंगठी. चपलेचा पट्टा. जड डोकं. धाप. चुकलेली गोळी. तू एकूण एक लिहिलं होतंस. मी बाबांच्या घोट्याचा मजकूर शोधला, जिवात जीव आला आणि पत्र घडी घालून ठेवलं. तू तक्ता एकदा कापून पाठवलास. तुझं पत्र मात्र मीच कापून वाचलं.

सोमवारी येते आहे. शेजारीण आणि तिचा नवरा मला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवणार आहेत. माझे डॉक्टर ओरडतील, ओरडू देत.

तोवर सोबतच्या कोऱ्या कागदावर, उजव्या हातानं, दोन ओळी लिही. बाबांबद्दल एक अक्षरही नको. स्वतःच्या घोट्यावर अंगठा दाब आणि खड्डा किती वेळ राहतो ते मला कळव. मी सगळं वाचेन.

तुझी वाट बघणारी,
ताई